कोल्हापुरात स्थानिक लाकडाची गिटार करून घेताना

हाताने घडवलेली अकौस्टिक गिटार करून घ्यायची असेल, तर आकार, नक्षी आणि किंमत यांची बोलणी थोडी मागे ठेवावीत. आधी दोन गोष्टी विचाराव्यात: लाकूड किती वाळले आहे आणि पेटी, म्हणजे गिटारचे पोकळ अंग, कोणत्या महिन्यात जोडून बंद होणार आहे. माझी पहिली गिटार श्रावणात जोडली गेली होती. पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी ती नुसती भिंतीला टेकवून ठेवलेली असताना ‘टक्’ असा आवाज झाला आणि घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) थेट तळाच्या कडेपर्यंत केसाएवढी चीर गेली. करणाऱ्याचा हात उत्तम होता, पण महिना चुकला होता.

याचे कारण समजून घेतले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल, तर लाकडात सुमारे १८ टक्के पाणी टिकून राहते. ४५ टक्के आर्द्रतेत ते साडेआठ टक्क्यांच्या आसपास येते. या फरकाने ४०० मिलिमीटर रुंदीची वरची फळी, जिला मिरजेचे सतारमेकर तबली म्हणतात, आडव्या दिशेने काही मिलिमीटर आक्रसू शकते. मात्र तिच्या आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाहीत. फळीला आकुंचन हवे असते, पट्ट्या ते होऊ देत नाहीत आणि शेवटी फळी फाटते. उलट, कोरड्या हवेत बंद केलेली पेटी पावसाळ्यात थोडी फुगते, तारा उंच होतात, पण ती सहसा फुटत नाही. म्हणून कोल्हापुरात जुळणीचे काम जानेवारी ते एप्रिल या काळात, वळवाचा पाऊस सुरू होण्याआधी करून घ्यावे, आणि कामाच्या खोलीत आर्द्रतामापक लावून आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याचा आग्रह धरावा.

आता लाकडाकडे वळू. आपल्याकडे मिळणाऱ्या लाकडांपैकी मागच्या फळीला आणि बाजूंना शिसव सर्वांत चांगले. ते घट्ट आणि जड असते, आणि ठोकल्यावर त्याचा आवाज धातूसारखा लांबतो. फणस आणि आंबा ही लाकडेही कमी लेखू नयेत. दक्षिणेत वीणा आणि मृदंगम फणसाच्या लाकडातून घडतात, तर हवाई बेटांवर आंब्याच्या लाकडाची युकुलेली होते. तबली आणि मान यांसाठी माझी पसंती तुनाला आहे. सतारीसाठी हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते आणि ते महोगनीच्याच कुळातले आहे. स्प्रूस या परदेशी सूचीपर्णी झाडाच्या तबलीचा कडक, लखलखीत आवाज त्यातून मिळणार नाही. मिळेल तो मऊ, मधल्या स्वरांत भरलेला, गाण्याच्या साथीला शोभणारा आवाज, आणि हे मान्य असेल तरच पूर्ण स्थानिक लाकडाचा हट्ट धरावा. साग टिकाऊ असला तरी तेलकट असतो. त्याचा जोड लावायचा असेल तर पृष्ठभागावर ताजा रंधा मारून, तो स्पिरिटने पुसून लगेच चिकटवावा लागतो.

लाकूड मिळवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पाडलेल्या जुन्या वाड्यांच्या तुळया, खांब आणि दारे. ही लाकडे अनेक दशके मुरलेली असतात. टिंबर मार्केटमधल्या वखारीत जुना माल पाहताना तो २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात भिजला होता का, हे स्पष्ट विचारावे. भिजला असेल तर तो नव्या लाकडासारखाच पुन्हा वाळवावा लागतो. तुकडा उचलल्यावर आधी त्याचे तोंड, म्हणजे टोकाचा आडवा छेद, पाहावे. तिथल्या वलयांच्या रेघा रुंद पृष्ठभागाला काटकोनात उभ्या असतील, तरच तो तबलीसाठी घ्यावा. आडव्या कमानी दिसत असतील, तर ती फळी पुढे वाकणार हे नक्की. मग एका फळीतून चार-पाच मिलिमीटर जाडीचे दोन पत्रे (पातळ फळ्या) चिरून घ्यावेत, म्हणजे ते पुस्तकाच्या पानांसारखे उघडून मधोमध जोडता येतात. मधे काड्या ठेवून त्यांची चळत सावलीत रचावी आणि दर रविवारी एक पत्रा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून वजन वहीत लिहावे. सलग तीन-चार आठवडे आकडा बदलला नाही, की पत्र्यातला ओलावा तिथल्या हवेशी जुळला असे समजावे. हे तोलणे पावसाळ्यानंतरच करावे, कारण पावसाळ्यातही वजन स्थिर होते, पण ओलावा भरलेला असतो.

शेतातले स्वतःचे झाड वापरायची इच्छा अनेकांची असते. साग, आंबा आणि फणस ही झाडे तोडण्यावर १९६४ च्या राज्य कायद्याचे नियंत्रण आहे, त्यामुळे परवानगी आधी घ्यावी आणि लाकूड हलवताना वाहतूक परवान्याची चौकशी वन विभागाकडे करावी. शिसवाचा व्यापार २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियमांखाली आला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली, तरी गिटार परदेशी पाठवायची असल्यास लाकडाच्या खरेदीची पावती जपून ठेवावी.

कारागीर निवडताना सुमारे ५० किलोमीटरवरच्या मिरजेचा विचार मनात येतोच. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि लाकूड पारखण्यात त्या लोकांचा सल्ला सोन्यासारखा आहे. पण सतारीचे पडदे, म्हणजे स्वर ठरवणाऱ्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बांधलेले, सरकवता येणारे असतात. गिटारचे पडदे एकदाच खाच पाडून कायमचे बसतात. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेसाठी पहिला पडदा ३६.५ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर ३२५ वर यावा लागतो, आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरची चूकही कानाला बोचते. शिवाय पोलादी तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास जातो. त्यामुळे ज्याने आधी गिटार केल्या आहेत, त्यालाच काम द्यावे आणि त्याची निदान दोन वर्षे जुनी गिटार वाजवून पाहावी. नवी गिटार सगळ्यांचीच सरळ असते.

करारात तारेची लांबी, मानेची रुंदी, बाराव्या पडद्यावरची तारांची उंची (जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर), मानेत लोखंडी सळई असणे, आणि पॉलिश कोणते हे सर्व लिहावे. फर्निचरचे जाड पॉलिश तबलीवर नको. लाखेचे पातळ पॉलिश आवाज दाबत नाही. पैसे तीन टप्प्यांत द्यावेत, आणि दुसरा हप्ता पेटी बंद होण्याआधी आतल्या पट्ट्या प्रत्यक्ष पाहून मगच द्यावा, कारण नंतर त्या कोणालाच नीट दिसत नाहीत.

ताबा घेताना प्रत्येक तारेचा बाराव्या पडद्यावर तार न दाबता बोटाच्या नुसत्या स्पर्शाने काढलेला स्वर आणि दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळतो का, ते तपासावे. आणि हाडाच्या दोन पट्ट्या मागून घ्याव्यात: घोडीच्या खाचेत उन्हाळ्यात उंच पट्टी बसवावी आणि जूनमध्ये तबली फुगून तारा वर आल्या, की थोडी बुटकी पट्टी.