‘फकिरा’ वाचून गुन्ह्याची कारणं कशी शोधावीत

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी या अभ्यासासाठी उत्तम. ती दोनदा वाचा. पहिल्यांदा वहीला हात लावू नका, गोष्ट अंगावर येऊ द्या.

दुसऱ्या वाचनात चार रकाने आखा: कृत्य, त्याआधी काय घडलं, दुसरा कोणता मार्ग उरला होता आणि या कृत्याला गुन्हा कोण म्हणतं. नायक फकिराने केलेली धान्याची लूट पहिल्या रकान्यात एका ओळीत मावते. दुसऱ्याला मात्र पान पुरत नाही. दुष्काळ, उपासमार, जातीमुळे आलेली लाचारी हे सगळं तिथे येतं.

चौथा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि खरं उत्तर तिथेच असतं. इथे कादंबरी बाजूला ठेवून कायदा उघडा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. १९११ पासून तो देशभर लागू करता येऊ लागला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. पोलिसांकडे हजेरी सक्तीची झाली की माणूस मजुरीसाठी लांब जाऊ शकत नाही. म्हणजे तिसरा रकाना कायद्यानेच पुसला!

चूक होते ती नायकावर जीव जडल्यामुळे; मग त्याचं प्रत्येक कृत्य रास्त वाटू लागतं. हे टाळण्यासाठी तितकीच उपाशी असूनही लुटीला न गेलेली पात्रं शोधून वेगळी नोंदवा. भूक हे एकमेव कारण असतं, तर तीही गेली असती. त्यांना कशाने थांबवलं, हे शेजारी लिहा.