नेट निघतं, गाडी मुलाखतीत अडते : मायक्रोबायोलॉजीत पीएचडीला प्रवेश कसा मिळवावा

एमएससी झालंय आणि टक्केवारी पात्रतेत बसते, असं धरून चालते. फॉर्म कसा भरायचा, फोटो किती केबीचा लावायचा, हे सांगणारे ढीगभर लोक आहेत, त्यांना विचारा.

आधी परीक्षा, म्हणजे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. यूजीसी-नेटमध्ये मायक्रोबायोलॉजी हा विषयच नाही. आपल्याला सीएसआयआर-नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर द्यावा लागतो. त्यातले 200 पैकी 100 गुण पार्ट सीचे. 75 प्रश्नांतले फक्त 25 सोडवायचे, प्रत्येकी 4 गुण, चुकलं की 1 गेला. तेव्हा हावरटपणा नको. पार्ट एच्या 30 गुणांकडे मात्र आपली मुलं ढुंकून बघत नाहीत, आणि ते साध्या गणितावर आणि तर्कावर मिळतात. जोडीला डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, बेट ही परीक्षाही द्या. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली की जानेवारी 2023पासून महिना 37,000 रुपये, घरभाडं वेगळं. तुमच्या पगाराचा भार गाइडवर पडत नाही, म्हणून दार उघडतं. आत घ्यायचं की नाही, ते मुलाखतीत ठरतं.

गाइड शोधताना संस्थेचं नाव बघून भुलू नका. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाऊन त्या गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा आणि कोणाला किती वर्षं लागली ते बघा. मग लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना चहाला गाठा. पहिल्या वर्षाची मुलं सगळं छानच सांगतात. जागा आहे का तेही आधीच विचारा: यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार प्रोफेसरला एका वेळी 8, असोसिएटला 6 आणि असिस्टंटला 4च विद्यार्थी घेता येतात. कोर्सवर्क, किमान 12 क्रेडिट, होऊन जातं.

आता मुलाखत. पहिल्या तिन्हींत मी पडले.

माझा एमएससीचा प्रोजेक्ट आपल्याकडे गल्लोगल्ली होतो तसलाच: तुळशीच्या पानांचा मेथेनॉलमधला अर्क प्लेटमधल्या वेलमध्ये, म्हणजे छोट्या खड्ड्यात, समोर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू, 18 मिलिमीटरचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ. प्लेटचा फोटो स्लाइडभर मोठा करून लावला होता. समितीतल्या एका मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “नुसतं मेथेनॉल टाकलेली वेल कुठाय?” नव्हती. जिवाणू तुळशीने मेले की मेथेनॉलने, मला सांगता येईना. त्यानंतर काय विचारलं ते आजही आठवत नाही.

“आत्मविश्वास ठेवा”, “संस्थेचे ताजे पेपर वाचून जा” असले सल्ले मला भरपूर मिळाले होते. काडीचा उपयोग नाही. दुसऱ्याचा पेपर वाचायच्या आधी स्वतःचा प्रबंध वाचा. प्रत्येक आकृतीखाली पेन्सिलीने तीन प्रश्न लिहा: कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) कुठला होता, किती वेळा केलं, आणि असंच दुसऱ्या कशामुळे दिसू शकतं का? तिसऱ्यावर हात थांबला की समितीही नेमकी तिथेच बोट ठेवणार, हे नक्की.

18चा झोन 12च्या झोनपेक्षा भारी, असं चुकूनही म्हणू नका. रेणू अगरमधून, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीतून, किती लवकर पसरतो आणि प्लेटमध्ये ती जेली किती जाड ओतलीय, यावरही झोन ठरतो. ताकद तोलायची तर एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, काढायचा. ऑटोक्लेव्हचे, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचे, 121 अंश आणि 15 पाउंड सगळ्यांना पाठ असतात. पण मारते ती उष्णता, दाब नुसता वाफेला त्या तापमानाला नेतो, हे निम्म्यांना सांगता येत नाही. ‘16एस सिक्वेन्सिंगने ओळख पटवली’ असं, म्हणजे एका जनुकाच्या क्रमावरून जिवाणू ओळखला असं, लिहिलं असेल, तर ई. कोलाय आणि शिगेला हे जिवाणू त्याने वेगळे का काढता येत नाहीत, हेही तयार हवं.

सराव वर्गातल्या मैत्रिणींसमोर करू नका. त्यांनीही मेथेनॉलची वेल ठेवलेली नसते. केमिस्ट्रीवाला किंवा फिजिक्सवाला मित्र धरून आणा. तो बिनधास्त मूर्ख प्रश्न विचारतो आणि त्यातच आपण सापडतो. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, पाठ केलेलं मात्र लगेच कळतं. अडलात तर खडू मागा आणि फळ्यावर प्लेट काढा. ‘माहीत नाही’ म्हणायला हरकत नाही, पण तिथे थांबू नका. ‘शोधायचं झालं तर असं करीन’ हे लगेच पुढे यायला हवं.

चौथ्या मुलाखतीआधी मी जुन्या कॉलेजात जाऊन, लॅब असिस्टंट काकांना गळ घालून, तो प्रयोग पुन्हा लावला. प्लेटवर तीन वेल: अर्क, मेथेनॉल, अँटिबायोटिक. मेथेनॉलभोवतीही 11 मिलिमीटरचा झोन निघाला. मुलाखतीत, कोणी विचारायच्या आत, तो मीच दाखवला.