जुन्या छायाचित्रांच्या स्कॅनसोबत माहितीची नोंदही ठेवा

गोदाघाटाची, पंचवटीतील वाड्यांची किंवा २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थाची छायाचित्रे नाशिकच्या अनेक घरांत व संस्थांत स्कॅन करून ठेवलेली असतात. मात्र संगणकाने आपोआप दिलेल्या क्रमांकाखेरीज त्यांची काहीच ओळख नोंदलेली नसल्यास ती शोधून काढणे जवळपास अशक्य होते. त्यासाठी ‘डब्लिन कोअर’ हे मेटाडेटा (म्हणजे छायाचित्राविषयीची माहिती) नोंदवण्याचे मानक वापरावे. १९९५ पासून विकसित झालेल्या या मानकात शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, भाषा, स्थळ-काळ, हक्क असे १५ मूलघटक आहेत. सगळे भरण्याची सक्ती नाही. साध्या एक्सेल तक्त्यात प्रत्येक घटकाला एक स्तंभ पुरतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती नोंदींच्या एकसारखेपणाची. ‘कुसुमाग्रज’, ‘वि. वा. शिरवाडकर’ आणि ‘तात्यासाहेब’ अशा तीन नोंदी झाल्या, तर एकाच व्यक्तीची छायाचित्रे तीन ठिकाणी विखुरतात. म्हणून नावाचे एक रूप आधीच ठरवून त्याची यादी जवळ ठेवावी. दिनांक आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे २०१५-०८-२९ असा लिहावा, म्हणजे क्रमवारी आपोआप लागते. केवळ वर्ष ठाऊक असेल तर तेवढेच लिहावे, अंदाजाने दिवस घालू नये. स्कॅन केल्याचा दिनांक वेगळ्या स्तंभात असावा, कारण छायाचित्र काढल्याची मूळ तारीख आणि स्कॅनची तारीख यांची गल्लत फार सहज होते. हक्कांचा रकाना मात्र कधीही रिकामा सोडू नये.