पोलरायझर घेताना आधी आरसा बघा

पोलरायझर, म्हणजे पानापाण्यावरची चमक कापणारा लेन्सपुढचा फिल्टर, घ्यायला निघालात, तर आधी आपला कॅमेरा आरशाचा आहे की बिनआरशाचा ते बघा. किंमत, कंपनी, काचेवरचं कोटिंग हे सगळं त्यानंतर.

माझं हे उलटं झालं. डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, नवा होता तेव्हा एका दुकानात जुना फिल्टर स्वस्तात मिळाला, कड्यावर नुसतं ‘पीएल’ लिहिलेला. तो लावून श्रावणात ताम्हिणीला गेले. फिल्टर जरा फिरवला की कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर निराळाच आकडा दाखवायचं, फोकसही मधूनच चाचपडत राहायचा. रात्री घरी येऊन बघते तर निम्मे फोटो काळपट, निम्मे पांढरेफटक. सोनकीचा ऐन बहर त्या वर्षी हातचा गेला, त्याची हळहळ अजून वाटते.

तो लिनियर पोलरायझर होता, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा. डीएसएलआरमधला आरसा थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो आणि त्यावर ऑटोफोकस चालतो. असा एकाच दिशेचा प्रकाश त्या आरशावर पडला, की किती परतायचा आणि किती आरपार जायचा हे त्या दिशेवर ठरतं, आणि कॅमेऱ्याचा हिशेब चुकतो. सर्क्युलर पोलरायझरमध्ये पुढे तीच लिनियर फिल्म असते, पण तिच्यामागे क्वार्टर-वेव्ह प्लेट नावाचा आणखी एक थर असतो. तो थर प्रकाशाची कंपनदिशा गोल फिरती करून मगच आत सोडतो. नाव त्यावरून पडलंय. काच काय, दोन्हींची गोलच असते.

म्हणून डीएसएलआरला सर्क्युलरच. मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, फोकस आणि मीटर दोन्ही सेन्सरवरच होतात, तिथे लिनियरही चालतो. काकांच्या कपाटात जुना, स्वच्छ काचेचा लिनियर सापडला तर बिनधास्त वापरा. नवा घेत असाल तर मात्र सर्क्युलरच घ्या, उद्या तोच मैत्रिणीच्या डीएसएलआरलाही लागेल.

दुकानात ‘सी-पीएल’ (सर्क्युलर पोलरायझर) ही अक्षरं वाचून थांबू नका, आरसा मागून घ्या. फिल्टर डोळ्याशी धरा, लेन्समध्ये बसणारी आट्यांची बाजू आरशाकडे करा, आणि फिल्टरमधूनच आरशातला फिल्टर बघा. सर्क्युलर असेल तर त्याची काच काळी दिसेल, मागचा डोळा दिसणार नाही. आता उलटा धरा, डोळा दिसू लागेल. लिनियर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मी आता या परीक्षेशिवाय फिल्टरचे पैसे देत नाही.

फिल्टरनं काय साधतं ते ओल्या पानावर बघावं. ताम्हिणीत ढगाळ दुपारी तेरड्याचं झुडूप समोर होतं. नुसत्या डोळ्यांना प्रत्येक पानावर आभाळाचा पांढुरका पत्रा दिसत होता. कडं हळूहळू फिरवलं तसा तो पत्रा विरघळत गेला, खालून हिरवा रंग वर आला, आणि पानाच्या कडेचे दातेसुद्धा मोजता येऊ लागले. ढगाळ दिवशी पोलरायझर घरी ठेवणाऱ्यांना मला हे पान दाखवावंसं वाटतं. हे काम कुठलंच सॉफ्टवेअर नंतर करून देत नाही, कारण चमकेखालचा रंग फोटोत आलेलाच नसतो.

पाण्याला कोन लागतो. पाषाण तलावाच्या काठावर उभं राहून पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांत बघितलं तर चमक सर्वांत जास्त कटते. सरळ खाली वाकून बघितलं तर फिल्टर फिरवूनही काही होत नाही. धातूवर तर त्याचा इलाजच नाही. तांबट आळीत मठारलेल्या हंड्यावरची झळाळी मी कितीदा तरी घालवून बघितली, जात नाही. हंड्यापुढे काच असेल तर तिच्यावरचं प्रतिबिंब मात्र जातं.

आकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत गडद होतं. सिंहगडावरून १६ मिमीच्या, खूप रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सनं टिपलंत तर निळ्या आभाळात मधेच एक काळसर डाग उमटतो. मी २४ मिमीच्या खाली आकाशासाठी फिल्टर काढूनच ठेवते. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा तो गडद पट्टा चहूकडे क्षितिजालगत उतरतो. इंद्रधनुष्य दिसलं तर जपून फिरवा, चुकीच्या कोनात ते अख्खं पुसलं जातं.

फिल्टरमुळे प्रकाश एक ते दोन स्टॉप कमी होतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. १/६० सेकंदाचा शटर १/२० पर्यंत खाली येतो, म्हणजे धबधब्याला बरा, वाऱ्यात हलणाऱ्या फुलाला वाईट. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवायची तयारी ठेवा.

माप तुमच्या सर्वांत मोठ्या लेन्सचं घ्या. माझा ७७ मिमीचा एकच आहे, ५८ च्या लेन्सला स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारं जोडकडं) लावून तोच बसवते. त्यावर हूड (लेन्सवर आडवा प्रकाश येऊ न देणारी टोपी) बसत नाही, एवढी अडचण सोसते. पैसे मल्टिकोटिंगवर, म्हणजे काचेवरच्या अनेक थरांच्या लेपावर, घाला. उबदार छटेचा फिल्टर नको, ते काम नंतर रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, होतं. यूव्ही फिल्टर आधी काढा, एकावर एक चढवले की कोपरे काळे पडतात.

पावसात कडं अडकलं तर जोरानं आवळू नका, पातळ कडं लंबुळकं होतं आणि आणखी घट्ट बसतं. रुंद रबरबँड मागच्या, न फिरणाऱ्या कड्याभोवती गुंडाळा आणि चारी बाजूंनी हलक्या बोटांनी धरून फिरवा.