बडोद्यातील वन्यजीव-निरीक्षकांसाठी: जास्त शक्तीची दुर्बीण निवडताना

बडोद्याहून हिवाळ्यात वढवाणा तलावावर पक्षी पाहायला जाणारे पुष्कळ जण पहिली दुर्बीण घेताना ती किती पट मोठे दाखवते एवढेच विचारतात. माझ्या मते दुर्बिणीची निवड चुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×५० असे आकडे लिहिलेले असतात. त्यांतील पहिला आकडा प्रतिमा किती पट जवळ दिसेल हे सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. पट वाढते तसतसा हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढलेला दिसतो. त्यामुळे नुसत्या हाताने धरलेली वीस पटीची दुर्बीण तलावाच्या मध्यावर बसलेला पट्टकादंब जवळ आणते खरी, पण त्याच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे वेगळे दिसण्याइतकी स्थिर राहत नाही. बहुतेकांच्या हाताला दहा पट ही मर्यादा आहे. बारा किंवा त्याहून अधिक पट हवी असेल, तर तिपाई आणि तिच्यावर दुर्बीण बसवण्याचा जोड यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. शिवाय सकाळ सरून ऊन तापू लागले की पाण्याच्या काठावरची हवा थरथरू लागते आणि ती थरथर मोठ्या पटीत आणखी मोठी दिसते, म्हणजे भर दुपारी जास्तीची शक्ती जवळजवळ निरुपयोगीच ठरते.

प्रकाशाचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो: ८×४२ मध्ये तो सुमारे ५.२ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२ आणि २०×५० मध्ये फक्त २.५ मिलिमीटर. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून तेव्हा हा फरक जाणवत नाही. जांबुघोड्याच्या झाडीत अस्वल किंवा बिबट्या दिसण्याची शक्यता मात्र पहाटे आणि सांजवेळी अधिक असते आणि त्या वेळी लहान वर्तुळाची दुर्बीण अंधुक चित्र देते. मध्य युरोपात संधिप्रकाशात शिकार करणारे ८×५६ ही जड दुर्बीण पसंत करतात त्यामागे हेच गणित आहे, कारण तिचे वर्तुळ पूर्ण ७ मिलिमीटरचे असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली आहे, पण कमी उजेडात जनावर ओळखण्यासाठी तोच हिशेब निरीक्षकालाही लागू पडतो. मात्र वय वाढते तशी बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने एवढे वजन गळ्यात वागवण्याचे कारण नाही.

एकच दुर्बीण घ्यायची असेल तर मी ८×४२ सुचवेन, कारण झाडीत हलणारा प्राणी शोधताना तिचे रुंद दृष्टिक्षेत्र फार उपयोगी पडते. हजार मीटरवर तिच्यातून साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर दहा पटीच्या दुर्बिणीतून सुमारे ११० मीटर. ज्यांचे पाहणे मुख्यतः वढवाण्याच्या मोकळ्या पाण्यावर किंवा विश्वामित्रीच्या पुलावरून खालच्या काठावर पहुडलेल्या मगरींवर होते, त्यांनी १०×४२ घ्यावी.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखावी आणि डोळ्याकडच्या भिंगातील प्रकाशवर्तुळ पाहावे. ते स्वच्छ गोल दिसले तर आतील प्रिझम बहुधा चांगल्या काचेचे असतात, पण कडा करड्या होऊन चौकोनी आकार दिसला तर ते हलक्या काचेचे समजावेत. त्यानंतर उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी दूरची पाटी स्पष्ट करावी, मग डावे झाकून उजव्या बाजूच्या कड्याने तीच पाटी स्पष्ट करावी आणि शेवटी दोन्ही डोळ्यांनी काही मिनिटे सलग पाहावे. डोळे ताणल्यासारखे वाटले किंवा एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसल्या, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत, तेव्हा किंमत कितीही आकर्षक असली तरी ती दुर्बीण घेऊ नये. चष्मा वापरणाऱ्यांनी तो काढू नये आणि डोळा भिंगापासून निदान १६ मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण चित्र दिसते का, याची खात्री करून घ्यावी. झूम असलेल्या आणि तांबड्या लेपाच्या भिंगांच्या स्वस्त दुर्बिणी टाळाव्यात. सर्व भिंगांवर अनेक थरांचा लेप आणि आत नायट्रोजन भरून केलेली जलरोधक बांधणी या दोन गोष्टींवर मात्र थोडे अधिक पैसे जरूर खर्च करावेत.

ही बांधणी बडोद्याच्या पावसाळ्यात विशेष उपयोगी ठरते, कारण दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि ती एकदा आत शिरली की काढणे अवघड असते. जून ते सप्टेंबर दुर्बीण कातडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि भिंग पुसण्यापूर्वी रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवून मगच मऊ कापड फिरवावे, म्हणजे बारीक वाळूने लेपावर ओरखडे उठत नाहीत.