कपाशीच्या शेतात शेतीशाळा घ्यायची तर

शेतीशाळा, म्हणजे शेतकऱ्यांनी शेतातच पीक बघून शिकायचा वर्ग, बिघडते ती साधारण एकाच ठिकाणी. घेणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत किडीचं नाव, औषध आणि मात्रा सांगून मोकळा होतो. मग लोक वहीत लिहून घेतात, चहा होतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दुकानदाराला विचारून फवारणी होते. शेतीशाळेची सुरुवात १९८९ मध्ये इंडोनेशियात झाली, भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी. कीटकनाशकांचा अतिवापर झाला, तुडतुड्यांचे शत्रू कीटक मेले आणि तुडतुडे आणखी वाढले. शेतकऱ्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फवारणी थांबणार नाही, हा त्यामागचा विचार. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी बघणं-मोजणं, मग कागदावर काढणं, मग वाद आणि शेवटी निर्णय. नाव सांगायची घाई नको.

तयारी

२५ माणसं पुरेत, पाच-पाच जणांचे ५ गट. निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बाया आणि सालदार यात असलेच पाहिजेत. झाड रोज जवळून तेच बघतात, मालक बांधावरून. प्रत्येक गटाला एक भिंग (१० पट), ब्लेड, दोन पारदर्शक बरण्या, जुन्या मलमलचे तुकडे, रबर, चार्ट पेपर आणि रंगीत पेन द्या. वेळ सकाळी ८ ची. ऊन चढलं की तुडतुडे चपळ होतात आणि पान उलटायच्या आत उडून जातात.

शेत निवडताना शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. नुकत्याच फवारलेल्या शेतात कोणी उतरायचं नाही. वास घेऊन किंवा जिभेला लावून काही ओळखायचा प्रयत्न तर अजिबात नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते लोकांच्या लक्षात आहे. साबण आणि पाण्याची कळशी बांधावर ठेवा.

झाडाशी बसणं

कडेच्या ओळी सोडून शेतात नागमोडी चाला. प्रत्येक गट ४ झाडं घेतो, म्हणजे एकूण २०. प्रत्येक झाडावर वरचं, मधलं आणि खालचं असं एकेक पान हळूच उलटायचं. झटका बसला की अर्धे किडे गायब. मोजायचं काय, ते घेणाऱ्याला पाठ हवं, पण गटाने आधी आपल्या शब्दांत सांगावं: रंग कसा, सरळ चालतो की तिरका, पानाच्या शिरेजवळ बसतो की मध्ये. तिरका पळणारा फिकट हिरवा तो तुडतुडा. पानाच्या मागे चांदीसारखी चमक आणि कडा वर वळलेल्या, तर फुलकिडे. बोटाला चिकट लागलं आणि मुंग्यांची रांग दिसली, तर मावा शोधा.

कोणी विचारलं, "भाऊ, हाई काय शे?" (हे काय आहे?) तर नाव सांगू नका. उलट विचारा: कुठं बसलेलं होतं, काय खात होतं, एकटं की घोळक्यात? हा सवाल-जवाब घेणाऱ्याला सगळ्यात जड जातो, कारण माहिती असताना गप्प बसावं लागतं. पण जो माणूस ढालकिड्याला (लेडीबर्ड) मावा खाताना पाहतो त्याला पुढे 'हा मित्र' असं सांगावं लागत नाही. नाव शेवटी द्या, गटाने वर्णन पूर्ण केल्यावर.

दर पानाला सरासरी तुडतुडे २ आणि फुलकिडे १० ही फवारणीचा विचार करण्याची पातळी. एका झाडावर १५ सापडले आणि बाकी १९ कोरडी, तर सरासरी कमीच भरते. लोकांना ते एक झाडच आठवतं. म्हणून बेरीज-भागाकार शेतातच, मोठ्याने करून घ्या.

बोंड फोडा

खान्देशातल्या बागायती, मे महिन्यात लावलेल्या कपाशीत गुलाबी बोंडअळीला लवकर फुलं मिळतात आणि तिथून ती जूनच्या कपाशीवर उतरते. शेजारी-शेजारी दोन्ही शेतं असतील तर दोन्हीकडे मोजा. भाषणापेक्षा ते जास्त पटतं.

या अळीची अडचण अशी की ती बाहेरून दिसत नाही. बारीक अळी बोंडात शिरते आणि भोक बुजतं, कैरी (हिरवं बोंड) हिरवीगार राहते. आधी डोमकळ्या शोधा: न उमललेलं फूल, पाकळ्या आतून जाळ्याने चिकटलेल्या. मग साधारण २० दिवसांच्या २० हिरव्या कैऱ्या, एका झाडाची एक, ब्लेडने फोडून बघा. गडबड इथेच होते: सगळे गुलाबी रंग शोधतात, पण लहान अळी पांढरी असते, गुलाबी पट्टे नंतर येतात. बोंडाच्या आतल्या भिंतीवरचे फोड आणि सरकीतला खड्डाही बघायला सांगा. २० पैकी २ कैऱ्यांत जिवंत अळी म्हणजे १० टक्के. इथून पुढे उपाय लागतो. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी २, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर, आणि सलग ३ रात्री दर रात्री एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले तरी तोच इशारा. सापळ्यातले पतंग रोज मोजून रोजच काढायचे. साठलेले मोजले तर तीन रात्रींचा आकडा एका रात्रीचा वाटतो.

पातेगळ (पाते म्हणजे फुलाच्या कळ्या गळणं) हा वेगळा धडा. ५ झाडांखालचं गळलेलं सगळं उचला आणि दोन ढीग करा: भोक असलेलं, भोक नसलेलं. ढगाळ हवा, पाण्याचा ताण किंवा पाणी साचणं यामुळेही पाते गळतात, आणि तेव्हा कीटकनाशक मारणं म्हणजे पैसा मातीत. बिनभोकाचा ढीग मोठा निघाला की शेतकरी स्वतःच म्हणतो, "मग आपण फवारलं कशासाठी?" हा प्रश्न त्याच्या तोंडून यावा, तुमच्या नाही.

बरणीतला प्रयोग

दोन बरण्यांत साधारण ५० मावा असलेली पानं ठेवा, एकीत ढालकिड्याची अळी सोडा, दुसरीत काही नाही. तोंडाला मलमल बांधा, घट्ट झाकण लावू नका; आत दमट होऊन किडा मरतो आणि लोक म्हणतात मित्र निरुपयोगी. बरणी सावलीत, गाडीच्या टपावर तर मुळीच नाही. २४ तासांनी दोन्हीकडचा मावा मोजा. दुसरी बरणी नसेल तर कमी झालेला मावा कोणी खाल्ला की आपोआप मेला, हे सांगता येत नाही.

कागद आणि वाद

मग झाडाखाली बसून चित्र. मध्ये कपाशीचं झाड, खऱ्या उंचीचं आणि पाते-कैऱ्यांच्या खऱ्या संख्येसह. एका बाजूला कीड, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, खाली जमिनीची ओल, वर ढग की ऊन. नियम एकच: जे पाहिलं तेच काढायचं. पोस्टरवरची अळी कोणी छापल्यासारखी काढली की विचारा, आज कुठल्या झाडावर दिसली?

जमिनीची ओल लिहिताना हाताचा अंदाज घ्या. ६ इंच खोलीची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून भुसभुशीत झाली तर वापसा (कामाजोगी ओल) आहे. चिकटून पसरली तर ओल जास्त. तापीकाठची भारी काळी आणि सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड माती दोन्ही जवळ ठेवल्या तर डोळे मिटूनही फरक कळतो.

आता वाद. गटातला एक जण चित्र दाखवतो, पण आप्पा-नाना बोलले की तरुण पोरं आणि बाया गप्प होतात. यावर उपाय सोपा. दोन वाटग्या ठेवा, 'फवारा' आणि 'थांबा'. प्रत्येकाने एकेक सरकी टाकायची, कापड झाकून. मग दोन्ही बाजूंनी कारण सांगायचं. कोल्ब या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये मांडलेलं चक्र हेच: अनुभव, त्यावर विचार, त्यातून नियम आणि पुढचा प्रयोग. वादाशिवाय फक्त सहल होते.

निर्णय चार्टवर तारखेसह लिहा: काय करणार, का आणि ७ दिवसांनी कुठला आकडा बघणार. 'नियंत्रण ठेवावे' असं लिहिलं तर तपासायला काही उरत नाही. पुढची बैठक याच कागदापासून सुरू होते. अंदाज चुकला तर माणसाला नाही, आकड्याला प्रश्न विचारा: मोजणीत काय राहिलं, मधे पाऊस झाला का, शेजारच्या शेतात काय चाललं होतं?

हंगामाची शेवटची बैठक डिसेंबरात, वेचण्या आटोपल्यावर. उरलेली सुकी बोंडं फोडा. आत दोन सरक्या चिकटून जोडलेल्या सापडल्या तर त्यातली अळी झोपेत आहे, पुढच्या हंगामापर्यंत टिकते. मग प्रत्येकाने आपली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) कुठं रचली आहे ते सांगावं. फरदड (वेचणीनंतरही शेतात राखलेली कपाशी) ठेवायची का आणि जळणासाठी घराजवळ ढीग किती दिवस ठेवायचा, याची सरकी त्याच वाटग्यांत टाकावी.