हबलच्या एसटीआयएसमधलं कार्ड कक्षेत कसं बदलतात

हबल दुर्बिणीची बहुतेक उपकरणं अख्खी काढून नवी बसवता यावीत अशीच बांधली आहेत. त्यांचे मोठे बोल्ट सैल झाले तरी जागीच अडकून राहतात, त्यामुळे जाड हातमोज्यांतूनही काम होतं. एसटीआयएस हा वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारं उपकरण, १९९७ मध्ये असाच बसवला. ऑगस्ट २००४ मध्ये त्याचा वीजपुरवठा बंद पडला. खराब झालं होतं वीजपुरवठ्याचं एकच इलेक्ट्रॉनिक कार्ड, पण ते ज्या झाकणामागे आहे ते अंतराळात उघडायचा विचार कुणी केलाच नव्हता. झाकणाला शंभराहून जास्त बारीक स्क्रू, त्यांना वॉशर, आणि सगळे स्क्रू चिकटद्रव्याने पक्के केलेले. १७ मे २००९ रोजी एसटीएस-१२५ या स्पेस शटलच्या मोहिमेत माइक मॅसिमिनो आणि मायकल गुड या अंतराळवीरांनी हे काम केलं. पद्धत अशी.

स्पेसवॉकच्या बऱ्याच आधी शटलमधल्या हवेचा दाब १४.७ वरून १०.२ पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच) आणत. अंतराळवीराच्या सूटमध्ये तो फक्त ४.३ असतो आणि श्वासाला शुद्ध ऑक्सिजन. एकदम एवढा दाब उतरला तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. एसटीआयएसची वीज नासाच्या गोडार्ड केंद्रातून, जिथून हबल चालवतात, बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

ह्यूस्टनला नासाच्या १२ मीटर खोल तलावात सराव होतो, पण त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. पाणी हालचाल थोपवतं, अंतराळात ती थांबत नाही. म्हणून पाय आधी फूट रिस्ट्रेंटमध्ये, म्हणजे पाय अडकवायच्या चौकटीत, पक्के रोवायचे. नाहीतर स्क्रूऐवजी आपणच फिरतो. प्रत्येक अवजार दोरीने बांधलेलं हवं.

पहिला अडथळा हँडरेलचा, म्हणजे हाताने धरायच्या दांड्याचा. ती चार स्क्रूंवर आहे आणि काढल्याशिवाय झाकणापर्यंत पोचता येत नाही. खालच्या एका स्क्रूचं डोकं घासलं गेलं आणि ड्रायव्हर नुसता फिरू लागला. अशा वेळी जोर वाढवत बसू नये, डोकं आणखी गुळगुळीत होतं. गोडार्डच्या अभियंत्यांनी जमिनीवर तशीच हँडरेल तोडून पाहिली. सुमारे ६० पौंडांच्या ओढीत ती तुटते असं दिसल्यावर खालच्या टोकाला टेप लावून मॅसिमिनोंनी ती उपटून काढली. टेप यासाठी की तुटताना तुकडे उडू नयेत. दुर्बिणीच्या आत सुटलेला धातूचा कण आरशांपर्यंत किंवा विजेच्या जोडांपर्यंत जाऊ शकतो.

हीच भीती स्क्रूंची, आणि त्यावरचा उपाय या दुरुस्तीतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. झाकणाचे मोजके स्क्रू काढून तिथे मार्गदर्शक खुंट्या लावतात आणि त्यांच्या आधाराने वर एक पकडपट्टी बसवतात. प्रत्येक स्क्रूवर पट्टीत एक छोटं भोक आहे. त्यातून ड्रायव्हरचं बिट आत जातं, पण स्क्रूचं डोकं बाहेर येत नाही. सुटलेला स्क्रू आणि वॉशर पट्टीखालीच अडकतो. इथे नेहमीचं पिस्तुली पॉवर टूल चालत नाही. बारीक स्क्रूंना पीळ कमी आणि वेग जास्त लागतो, म्हणून छोटं पॉवर टूल खास या मोहिमेसाठी केलं होतं. त्याची बॅटरी ऐन कामात संपली आणि मॅसिमिनोंना दुसरी आणायला एअरलॉकपर्यंत, म्हणजे यानातून बाहेर पडायच्या हवाबंद खोलीपर्यंत, परत जावं लागलं. जादा बॅटरी हाताशीच ठेवावी.

सगळे स्क्रू सुटले की झाकण आणि पकडपट्टी एकत्रच उचलायची. आतल्या कडा धारदार असतात. हातमोज्याला चीर गेली तर काम तिथेच सोडून परतावं लागतं, म्हणून कार्ड हाताने न ओढता त्यासाठीच्या अवजाराने सरळ बाहेर काढायचं. नवं कार्ड त्याच खाचांतून, तिरकं न होऊ देता, शेवटपर्यंत आत सारायचं. जुने स्क्रू पुन्हा लावत बसायचं नाही. नवं झाकण दोन लिव्हरांनी बंद होतं.

मग जमिनीवरून उपकरणाला वीज देऊन ते जिवंत आहे का हे तपासतात. एसटीआयएसने प्रतिसाद दिला. साडेसहा तासांचं ठरलेलं स्पेसवॉक ८ तास २ मिनिटं चाललं, त्यामुळे त्या दिवशीचं बाहेरचं उष्णतारोधक आवरण लावण्याचं काम सोडून द्यावं लागलं. वेळापत्रक आखतानाच कोणतं काम आधी सोडायचं हे ठरवून ठेवावं.